तिच्या वाटणीचं बोलणं

फोन वाजला तसा चष्मेवाल्याने फिरत्या चाकावरून काच उचलली आणि चाक बंद केलं. मागच्या खोलीतून काउंटर चार पावलांवर होतं. तो दारापर्यंत आला, ओले हात पँटला पुसले आणि फोन वाजायचा थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग परत जाऊन त्याने तीच काच पुन्हा चाकाला लावली.

दुकानाचे असे दोन भाग लग्नापासूनच पडले होते. मागे तो काचा घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा. पुढे बायको बोलायची. लहानपणापासून त्याची जीभ अडखळायची. शब्दाचं पहिलं अक्षर दाताशी यायचं आणि तिथेच घुटमळत राहायचं, समोरच्याची नजर खाली वळेपर्यंत. बायकोला ते पहिल्याच भेटीत कळलं. त्याने वाक्य सुरू केलं, तिने पुरं केलं, आणि पुढे संसाराला तेच वळण पडलं. घरमालक, बँक, मुलीची शाळा, नंतर मुलीच्या सासरची माणसं, सगळ्यांशी तीच बोलायची. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा तीच करायची. तो शेजारी पिशवी धरून उभा.

मग तिचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून आधी दोघांनी सोडून दिलं, पण आवाज काही सुटेना. गळ्यात गाठ निघाली. नशिबाने साधीच होती, काढून टाकली. डॉक्टरांनी बजावलं, मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही.

सुरुवातीला तो मागच्या खोलीतच राहिला. गिऱ्हाईक यायचं, हाक मारायचं, कुणी दिसत नाही म्हणून निघून जायचं. तो चाक आणखी जोरात फिरवायचा. शेवटी एका सकाळी स्वतःवरच वैतागून तो काउंटरमागच्या स्टुलावर जाऊन बसला. तळहात इतके घामेजले होते की काउंटरच्या काचेवर ठसे उमटले.

लोक वाईट नव्हते. उलट फारच चांगले होते. त्याचं वाक्य अडलं की घाईघाईने आपापला शब्द पुरवायचे. एका निवृत्त शिक्षिकेला फ्रेम आवडली होती, आणि त्या फ्रेममध्ये जाड काच बसणार नाही हे त्याला सांगायचं होतं. तो ‘जा’वर अडकला.

“जास्त टिकेल?” बाई म्हणाल्या. “मग हीच द्या.”

एरवी त्याने मान डोलावली असती. या वेळी त्याने फ्रेम हातातून सोडली नाही.

“नाही. जा... जाड. तुमची काच जाड आहे. हिच्यात ब... बसणार नाही.”

याला बराच वेळ लागला. मागे उभा असलेला माणूस घड्याळ बघून सुस्कारे टाकत होता. बाईंनी दुसरी फ्रेम घेतली आणि गेल्या. आभाळ काही कोसळलं नाही. पण संध्याकाळी शटर ओढताना त्याचा जबडा दिवसभर ओझं वाहिल्यासारखा दुखत होता, आणि उद्या पुन्हा हेच करायचं आहे या विचाराने पाय उचलत नव्हते.

मुलीचा फोनही आता तोच घ्यायचा. ती पलीकडे शांतपणे ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, बाबा, तुमच्याकडे सांगण्यासारखं एवढं असतं हे मला माहीतच नव्हतं. त्यावर तो अडखळला. ते अडखळणं वेगळं होतं.

पहिल्या तपासणीला बायको तिच्या बहिणीबरोबर जाऊन आली. डॉक्टर काय म्हणाले, असं त्याने विचारलं तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे अजून नाही. मग ती दुकानात येऊन बसू लागली. तो गिऱ्हाइकापुढे अडला की ती मान खाली घालून फ्रेमा पुसत राहायची. बिचारीला मदत करता येत नाही, जीव तुटत असेल, असं त्याला वाटायचं.

पुढच्या तपासणीला तो स्वतः गेला. विचारायचा प्रश्न त्याने वाटेत घोळवून घोळवून, अवघड अक्षरं वगळून सोपा करून ठेवला होता. डॉक्टरांनी तिचा गळा तपासला, छान भरलाय म्हणाले आणि लिहायला लागले. घोळवलेलं सगळं तो विसरला.

“हिचा आवाज... प... प... परत येईल ना?”

डॉक्टरांनी मान वर केली. “आलाय की. मागच्याच वेळी सांगितलं होतं यांना, हळूहळू बोलायला लागा म्हणून. घरी बोलत नाहीत का?”

बायकोने मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. डॉक्टर तिच्याकडे बघत होते. खोलीतली शांतता लांबत चालली. अशी शांतता त्याच्या चांगल्या ओळखीची होती.

“बो... बोलते की,” तो म्हणाला. “थोडं थोडं.”

बाहेर ऊन होतं. ते बसस्टॉपवर येऊन उभे राहिले. आता आपल्याला राग येईल, असं त्याला वाटत होतं. रागही दमला असावा, आला नाही.

बायकोने त्याची बाही धरली.

“अहो,” ती म्हणाली. आवाज खरखरीत होता, ओळखू न येण्यासारखा. “मी...”

पुढे अडलं. त्याला तीन-चार शब्द सुचले. त्यातला कुठलाही चालला असता. तो गप्प राहिला.

बस आली. रिकामी होती. दोघांपैकी कुणी हात केला नाही. बस निघून गेली, धूळ खाली बसली.

“मी दमले होते हो,” ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. मग एवढ्याने भागणार नाही असं वाटून त्याने तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठांशी येऊन अडलं.

ती त्याच्याकडे बघत थांबली.