बरं करणारा टब

मी टब आहे. ओतीव लोखंडाचा, आतून पांढराशुभ्र, माणूस पाय पसरून झोपेल एवढा लांब. हसू नका. माझ्या तरुणपणी मला कुणी टब म्हणत नसे, मला उपचार म्हणत.

अमेरिकेत, मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, टेकडीवरच्या वेड्यांच्या सरकारी इस्पितळात मी पोचलो तेव्हा स्वागताला बँड होता. आधीचे डॉक्टर रोग्यांना साखळीनं बांधत. नवे डॉक्टर सुधारक होते. "साखळ्या बंद!" ते म्हणाले. "आता मायेनं आणि कोमट पाण्यानं बरं करायचं." म्हणजे रोग्याला माझ्यात झोपवायचं, वरून जाड कॅनव्हास ताणून बांधायचा आणि डोकं तेवढं भोकातून बाहेर ठेवायचं. कधी दिवसभर, कधी रात्रही त्यातच. मायेला वेळेचं बंधन नव्हतं.

हिल्मा राउटिओ माझ्याकडे आली ती अशीच. फिनलंडहून आलेली पोर, डलूथ शहरात एका बँकवाल्याच्या घरी कामाला होती. तिच्या गावाकडे कडकडीत वाफेची आंघोळ झाली की उघड्या अंगानं बर्फात लोळायची रीत. जानेवारीतल्या एका शनिवारी तिनं मागच्या खोपटात दगड तापवून आंघोळ उरकली. नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई चर्चच्या बायकांना घेऊन कॉफी प्यायला बसल्या होत्या. बघतात तर खिडकीबाहेर ही बया लालबुंद होऊन बर्फात लोळतेय, वर खिदळतेय! शेरीफ, म्हणजे तिथला फौजदार, आला. हिल्माला इंग्रजी येत नव्हतं आणि शेरीफला फिनिश. दोघांतलं वेडं कोण, हे ठरवायचं काम मात्र शेरीफकडे होतं.

म्हणजे बघा, आंघोळ करून बर्फात गेली म्हणून वेडी, आणि वेडावर इलाज काय, तर आंघोळ! पहिल्या दिवशी हिल्मानं माझ्या पाण्यात हात घालून असं नाक मुरडलं, की कोमटपणाची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मात्र ती रडली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, ते कॅनव्हासखाली होते. फार वाईट वाटलं मला. पण माझ्याजवळ पाण्याशिवाय होतं काय?

पुढे ती इंग्रजी शिकली, शांतही झाली. मग तिला धोबीखान्यात लावलं. आमच्याकडे कामालाही उपचारच म्हणत, त्यामुळे पगाराचा विषय कधी निघत नसे.

दुसरं महायुद्ध संपलं तसे वर्तमानपत्रवाले कॅमेरे घेऊन आले, राज्यभर बोंबाबोंब झाली आणि पुन्हा एकदा सुधारणा आली. मोठ्या साहेबांनी अंगणात चामडी पट्ट्यांची आणि कॅनव्हासची होळी केली. भाषण झालं, फोटो निघाले. मी पडलो लोखंडाचा, जळेना, म्हणून मला ओढत धोबीखान्यात नेलं आणि चादरी भिजवायला ठेवलं. तिथे हिल्मा भेटली. केस पिकायला लागलेले, बोटं सुजलेली. पण तिनं इस्त्री केलेल्या चादरीत सुरकुती शोधून सापडायची नाही. तेच तिला नडलं.

एकदा एक नवे डॉक्टर धोबीखान्याच्या मुख्य बाईंना म्हणाले, "मिसेस गंडरसन, ही हिल्मा तर ठणठणीत दिसते. घरी पाठवू या की."

"पाठवा ना डॉक्टर. मग सोमवारी चादरी कोण पिळणार? तुम्ही, की तुमच्या मिसेस?"

डॉक्टरांनी हिल्माकडे पुन्हा निरखून पाहिलं. "तशी थोडी उदास वाटते नाही?"

"फारच उदास आहे हो! अजून वर्षभर तरी ठेवावं लागेल."

विजेच्या झटक्यांचा उपचार आला तेव्हा हेच बोलणं झालं. गोळ्या आल्या तेव्हाही हेच. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. प्रत्येक नव्या डॉक्टरला हिल्मा विचारायची, "मी कधी जाऊ?" नंतर नंतर ती विचारेनाशी झाली.

आणि मग कोर्टानं बजावलं, की रोग्यांकडून फुकट काम करून घ्यायचं नाही, पगार द्या. झालं! हिल्मा त्याच आठवड्यात बरी झाली. ती एकटीच नव्हे, अख्खा धोबीखाना बरा झाला. इतका गुण कुठल्याच औषधाला आला नव्हता. तिच्या हातात गोळ्यांची पुडी दिली, अंगावर कुणाचा तरी जुना कोट चढवला आणि शहराच्या बसमध्ये बसवलं. शहरात म्हणे अशा लोकांसाठी केंद्र होणार होतं. निदान पाटी तरी लागली होती.

थंडी पडली तशी एका सकाळी हिल्मा परत धोबीखान्याच्या दाराशी उभी. दारावर विल्बर होता, तिच्या डोळ्यांदेखत म्हातारा झालेला रखवालदार.

"विल्बर, उघड रे बाबा. ते केंद्र अजून बांधलंच नाही. झोपायला जागा नाही मला."

"मिस हिल्मा, तुम्ही बऱ्या झालात ना! बऱ्या माणसाला आत कसं घेऊ?"

"मग सांग त्यांना, नाही झाले बरी."

"आता तसं चालत नाही हो. नवा कायदा आलाय. माणूस धोकादायक असेल तरच आत."

"धोकादायक म्हणजे कसा?"

"कसा म्हणजे… कुणाला मारणारा, काहीतरी फोडणारा."

हिल्मानं जरा विचार केला. मग एक दगड उचलला, "थोडा सरक, तुला लागेल," म्हणाली आणि खिडकीची काच फोडली. दगड थेट माझ्यात येऊन पडला. आता आत घेणारच म्हणून मागोमाग ती कोट काढायला लागली, आतल्या खुंटीला टांगायला.

पोलीस आले आणि तिला घेऊन गेले. काच फोडणं हा आजार नाही, गुन्हा आहे, असं त्यांनी तिला नीट समजावलं. काही दिवसांनी विल्बर तुरुंगात तिला भेटून आला. "बऱ्या आहेत," तो म्हणाला. "तिथल्या धोबीखान्यात लावलंय. जेलर त्यांच्या इस्त्रीवर भलताच खूश आहे."

ते इस्पितळ आता नाही. टेकडीवर श्रीमंतांचे फ्लॅट झालेत, आणि तळमजल्यावर मनःशांतीसाठी लोक आपण होऊन माझ्यात येऊन पडतात. पडल्या पडल्या गप्पा मारतात, की वेड्यांसाठी सरकार पुन्हा काहीतरी मोठी सुधारणा करणार आहे. करू दे. बँड वाजेल, भाषण होईल, तुम्हीही टाळ्या वाजवा. फक्त टाळ्या थांबल्या की माझ्या वतीनं एवढं विचारा, चादरी कोण धुतंय?