गुरुजींचं मत बदललं, माझी अक्षरं नाहीत

मित्रांनो, मी नाशपातीच्या लाकडाची एक जुनी छपाईची फळी आहे. मिठाच्या पाण्यात उकळून, सावलीत वाळवून मला घडवलं, म्हणून मला अजून कीड लागलेली नाही. लागली असती तर बरं झालं असतं.

नाम इनबोक नावाचे गुरुजी तिशीत होते, तेव्हा त्यांचं एक पान माझ्यावर उलट्या अक्षरांत कोरलं गेलं. 'विश्वाचं तत्त्व शुद्ध आहे, भावना हा त्यावरचा गाळ. शोक विधीपुरताच करावा.' माझ्यावरून छापलेले कागद राजधानी हानयांगपर्यंत गेले. विद्वानांनी ते डोक्यावर घेतले आणि मीही फुशारून गेले.

पुढच्याच हिवाळ्यात देवीच्या साथीत गुरुजींचा धाकटा सोगी दगावला. एवढ्या लहान लेकराचं सुतक पाळायची आमच्यात रीत नाही. तरी त्याची आई रडतच राहिली. गुरुजींनी तिला माझंच पान वाचून दाखवलं.

"विधीच नाही, मग हे रडणं कशासाठी?"

"बरं," ती म्हणाली, आणि डोळे पुसून भात वाढायला गेली. त्यानंतर ती कधी रडली नाही. हसलीही नाही.

चाळिशीत गुरुजींनी लिहिलं, की भावना तत्त्वापासून वेगळी काढता येत नाही, तिला लगाम मात्र हवा. पन्नाशीत त्यांनी लगामाचं नावही काढलं नाही. मग पत्नी वारली. विधीप्रमाणे ठरल्या वेळी करायच्या आक्रोशात त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पुढे एकदा तिनं घातलेलं मुळ्याचं लोणचं ताटात आलं, तेव्हा मात्र ते ढसाढसा रडले. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'ज्याच्यासाठी विधी नाही, त्याच्यासाठी येणारं रडू हेच तत्त्व.'

"मुनसोन," ते पट्टशिष्याला म्हणाले, "रंधा आण. ही फळी तासून कोरी कर आणि नवं पान कोर."

"गुरुजी, तुमची अक्षरं तासू? हात झडतील माझे!"

"अरे, अक्षरं माझी, चूकही माझीच. तुझं काय जातंय?"

मुनसोन बाहेर येऊन इतरांना म्हणाला, "म्हातारपणी मन हळवं होतंच. ऐकायचं आणि सोडून द्यायचं."

शेवटी गुरुजींनी स्वतःच सुरी घेतली. माझ्या कोपऱ्यावर एक ओरखडा तेवढा उमटला. शिष्यांनी सुरी काढून घेतली. वसंतात गुरुजी गेले. नवं पान कुणी कोरलंच नाही, आणि मला मात्र रेशमात गुंडाळून ठेवलं.

आज मुनसोनची चिमुरडी लेक तापानं गेली. तिची आई हंबरडा फोडत होती. मुनसोननं माझ्यावर शाई चढवली, ताजं पान छापलं आणि तिच्यापुढे धरलं.

"बघ, गुरुजी काय सांगून गेलेत ते."

"गुरुजीच म्हणतात, तर मग..." असं पुटपुटत ती गप्प झाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणून विनवतात. मला जपू नका. मला चुलीत घाला. जिथं गुरुजींचंच कुणी ऐकलं नाही, तिथं फळीचं कोण ऐकणार, हे मला ठाऊक आहे. पण आतल्या खोलीत ती बाई अजून गप्पच बसली आहे.