वरून निरोप येईपर्यंत

कपबश्यांच्या त्या कारखान्यात दोनशे ऐंशी माणसं कामाला होती आणि जवळजवळ सगळीच तिला ताई म्हणत, वयानं मोठी असलेलीसुद्धा. तिचा सख्खा भाऊ मात्र त्यांत एकच होता. तो भट्टीवर होता.

ताई रंगखात्यात. फिरकीवर कप ठेवायचा, डाव्या हातानं फिरकी फिरवायची आणि उजव्या हातातला कुंचला कडेला टेकवून निळी रेघ ओढायची. रेघ सुरू झाली तिथंच येऊन बेमालूम मिळाली पाहिजे. सत्तावीस वर्षं ती हे करत होती. त्यातली चौदा वर्षं युनियनची सेक्रेटरी होती आणि पक्षात तर त्याच्याही आधीपासून. लग्न तिनं केलं नाही. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि भाऊ नऊ. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून भट्टीवर चिकटवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. भट्टीतली माणसं त्याला चिडवत, "तुझी काय, बहीणही एक आणि सासूही तीच!"

दर रविवारी दुपारी भाऊ, भावजय आणि त्यांची मुलगी ताईकडे जेवायला यायची. जेवण व्हायचं निमित्तापुरतं. खरी मेजवानी वादाची. त्या वर्षी निवडणूक तोंडावर होती आणि नव्या कामगार कायद्यावरून देशभर रान पेटलं होतं. तीनशेपेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याला कपात करायची असेल, तर सरकारची परवानगी लागू नये, असं सत्तेतला पक्ष म्हणत होता. ताईचा पक्ष विरोधात होता आणि हा कायदा येऊच देणार नाही, असं गावोगाव सांगत फिरत होता.

"आणू दे की कायदा," एका रविवारी भाऊ म्हणाला. "मी या खेपेला त्यांनाच मत देणार आहे."

ताईचा वाढता हात थांबला. "शुद्धीवर आहेस ना? उद्या मालकाला तुझं नाक आवडलं नाही, तर घरी बसवेल तुला."

"बसवेल. पण ताई, तुझा कायदा वाचवतो कोणाला? जो आत आहे त्याला. ही बघ." त्यानं लेकीकडे बोट केलं. ती त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, कंत्राटदाराकडून. "अकरा महिने झाले की हिला ब्रेक. पुन्हा नवा कागद, पुन्हा पहिल्यापासून. मालक म्हणतो, एकदा पर्मनंट केलं की काढता येत नाही, म्हणून करतच नाही. तुमच्या कुंपणाच्या बाहेर माझी पोर उभी आहे, तिचं काय?"

"म्हणून काय कुंपण मोडायचं? हिला आत घ्यायचं सोडून तूही बाहेर जाऊन उभा राहणार?"

"चौदा वर्षांत किती जणांना आत घेतलंत?"

हे ताईला झोंबलं, कारण उत्तर तिला ठाऊक होतं. सहा जणांना. ती पटकन म्हणाली, "तुला घेतलं ना! माझ्या शब्दावर लागलास भट्टीवर. नाहीतर कोण कुत्रं विचारत होतं तुला?"

भावजय हळूच म्हणाली, "वन्सं, जेवताना कशाला..." पण भाऊ उठला होता. अर्धं ताट तसंच टाकून त्यानं हात धुतले आणि चपला घातल्या. मुलगी आत्याकडे बघत बघत आईच्या मागून गेली. त्यानंतर रविवारी कोणी आलं नाही. कारखान्यात भाऊ समोरून आला की मान खाली घालून जायचा. ताईनंही बोलावलं नाही. धाकट्यानं आधी यावं, असं तिला वाटत होतं.

निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळालं नाही. महिनाभर राजधानीत खलबतं झाली आणि ताईचा पक्ष चार मंत्रिपदं घेऊन सत्तेत जाऊन बसला, कायदा आणणाऱ्या त्याच पक्षाच्या मांडीला मांडी लावून. कायदा संसदेत आला तेव्हा ताईच्या पक्षानं बाजूनं हात वर केले. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बातमी आली. रंगखात्यातली एक बाई म्हणाली, "कुंपणानंच शेत खाल्लं की हो, ताई." दुपारभरात तिच्या सात कपांच्या रेघा चुकल्या.

चार महिन्यांनी फाटकाजवळच्या फलकावर यादी लागली. जुनी भट्टी बंद करून आपोआप चालणारी नवी बसवायची होती. एकेचाळीस माणसं कमी. नोटीस तीस दिवसांची. ताईनं यादी वरून खाली वाचली. भावाचं नाव तेविसावं होतं. तिचं नाव असणं शक्यच नव्हतं. रंगखातं यादीत नव्हतंच, शिवाय युनियनच्या पदाधिकाऱ्याला हात लावता येत नाही, हे एक कलम नव्या कायद्यातही तसंच राहिलं होतं.

भट्टीची माणसं त्याच दिवशी युनियनच्या खोलीत जमली. भट्टीचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "ताई, उद्यापासून काम बंद ठेवू. आत्ता परदेशी ऑर्डर आहे, माल अडकलाय. मालक आत्ताच वाकेल. नंतर नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं आणि ताईला ते कळत होतं. तरी ती संध्याकाळी पक्षाच्या कार्यालयात गेली. जिल्हाध्यक्षांनी तिच्यासाठी चहा मागवला.

"संप नको," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात पोटनिवडणूक आहे. आपलेच मंत्री आणि आपलीच युनियन रस्त्यावर, शोभतं का? मी वर बोलतो. मंत्रीसाहेब स्वतः मालकाला बोलावतील. निरोप येईपर्यंत थांबा."

"नक्की येईल?"

"ताई, पक्षानं कधी वाऱ्यावर सोडलंय का तुम्हाला?"

ताई थांबली, आणि तिनं माणसांनाही थांबवलं. पहिल्या आठवड्यात जिल्हाध्यक्ष म्हणाले, साहेब दौऱ्यावर आहेत. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, फाईल टेबलावर आहे. तिसऱ्या आठवड्यात फोनच उचलेनात. तोवर परदेशी ऑर्डरचा शेवटचा खोका ट्रकमध्ये चढला. तो खोका भाचीनंच चिकटपट्टी लावून बंद केला होता. भट्टी थंड करायला घेतली तेव्हा एकेक जण कार्यालयात जाऊन नुकसानभरपाईच्या कागदावर सही करू लागला.

ताई मॅनेजरकडे गेली. ती उभीच राहिली.

"माझं नाव घाला," ती म्हणाली. "तेविसाव्या नावाच्या जागी."

मॅनेजर तरुण होता, वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढला. "ताई, ते भट्टीचे, तुम्ही रंगाच्या. आणि तुम्हाला काढलं तर मीच कोर्टात उभा राहीन. राजीनामा दिलात तर तुमचीच जागा जाईल, त्यांची परत येणार नाही. अशी अदलाबदल होत नसते हो."

शनिवारी कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये युनियनची सभा झाली. शेवटच्या दिवसाला दोन दिवस उरले होते. ताई बोलायला उभी राहिली. जिल्हाध्यक्षांनी पाठवलेला कागद तिच्या हातात होता. परिस्थिती, राष्ट्रहित, संयम, असं बरंच त्यात होतं. तिनं तो उघडला नाही.

"मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं," ती म्हणाली. "काम बंद ठेवलं असतं तर निदान काही जण वाचले असते. मी थांबले. पक्षानं थांब म्हटलं म्हणून थांबले. मला वाटलं, इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी उन्हातान्हात फिरले, ते माझ्यासाठी एक फोन करतील. तुमचे तीन आठवडे मी घालवले. दुसऱ्या कोणी नाही."

लोक आरडाओरडा करतील, अंगावर येतील, अशी तिची तयारी होती. पण कोणीच काही बोललं नाही. मागे कोणीतरी खोकलं. शेवटी म्हातारा मिस्त्री शिणलेल्या आवाजात म्हणाला, "ताई, बसा आता."

शिव्या बसल्या असत्या तर तिनं सोसल्या असत्या. हे तिला सोसलं नाही. ती बसली आणि सभा संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

बाहेर भाऊ सायकलपाशी थांबला होता. साडेनऊ महिन्यांनी तो तिच्याशी बोलला.

"खरं बोललीस," तो म्हणाला. "पण उशीर झाला गं."

"चूक झाली रे माझी. आणि त्या दिवशी जेवताना मी जे बोलले..."

"ते राहू दे. मी तरी कुठे शहाणा निघालो? मत देऊन मीच आणलं ना त्यांना. म्हटलं, पोरीसाठी दार उघडेल." तो कसनुसा हसला. "दार उघडलं, पण आमच्यासाठी. बाहेर जायचं."

"आता रे?"

"मेव्हण्यानं बंदरावर पहारेकऱ्याचं काम बघितलंय. लांब आहे. दिवसभराचा प्रवास." सायकलची मूठ तो उगाच पुसत राहिला. "बायको माझ्याबरोबर येते. पोरगी इथंच राहील म्हणते, काम सोडायचं नाही तिला. तुझ्याकडे ठेवशील?"

ताईनं होकारार्थी मान हलवली. तिला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, लहानपणी फिरवायची तसा. पण त्याचे केस आता पांढरे झाले होते आणि लोक बघत होते. तो सायकल हातानं ढकलत निघाला. नाक्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात ताईनं पक्षाचं सदस्यत्व सोडलं. जिल्हाध्यक्षांनी पत्र ठेवून घेतलं आणि समोर बसलेल्या माणसाशी पुढे बोलायला लागले. नवी भट्टी आली. तिच्यात माल लावायला कंत्राटदारानं बारा मुली घेतल्या, त्यात भाची होती. पगार थोडा जास्त, कागद अकराच महिन्यांचा. पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा हातांना पोळल्याचे डाग होते.

"आत्या, बाबांच्याच जागी उभं केलं मला," ती म्हणाली. तिला आनंद झाला होता की वाईट वाटत होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ताई तिच्या हातांना मलम लावत बसली.

वर्षाअखेरीला युनियनची निवडणूक लागली. सेक्रेटरीच्या जागेसाठी दुसऱ्या कोणीच अर्ज भरला नाही. ताईनं नको म्हणून पाहिलं. रंगखात्यातली ती बाई म्हणाली, "मग कोण करणार, ताई? आम्हाला तर दोन शब्द नीट बोलता येत नाहीत."

बिनविरोध निवड झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताई उठली आणि पहिला ठराव वाचायला लागली, कंत्राटी कामगारांना सभासद करून घेण्याचा. शेडमध्ये पुढच्या तीन रांगा रिकाम्या होत्या. भट्टीची माणसं तिथं बसायची.