तिसऱ्या खणातला कागद

मी एक जुने, चार खणांचे लोखंडी कपाट आहे. मित्रांनो, अमेरिकेत, ओहायोतल्या पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांच्या फायली पोटात घेऊन मी एकतीस वर्षे उभे आहे. घडवतानाच मला कुलूप बसवले, तेव्हाच माझा माणसांवरचा विश्वास उडाला. सगळे सरळ असते तर कुलूप कशाला लागले असते?

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. पुढे रंग उडाला, डोक्यावर कॉफीचे भांडे आले, आणि माझ्यासमोर लोक बिनधास्त बोलू लागले.

आमच्याकडची रीतच अशी की साहेब ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणाला की जायचे, त्याला कारण लागत नाही. मात्र न्यायालयाने ज्युरीत, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या नागरिकांत, बसायला बोलावले म्हणून कुणाला काढणे कायद्याला चालत नाही.

ओपल गेन्स बावीस वर्षे डिंकाच्या यंत्रावर होती. मार्चमध्ये ती नऊ दिवस ज्युरीत बसली. परतली त्याच दिवशी विभागप्रमुख रस्टी ब्रॅडॉकने तिला काढले.

“कारण काय?” तिने विचारले.

“ते सांगायला मी बांधील नाही, ओपल.”

मग तिच्या वकीलबाईंची नोटीस आली आणि रस्टीला अचानक कारण हवेसे झाले.

“जोलीन,” तो कारकून बाईला म्हणाला, “ओपलला लेखी ताकीद दिली होती ना आपण?”

“नाही दिली.”

“मग दिली असं समज. मार्चमधली तारीख टाक.”

जोलीनने टाइप केले. ‘समक्ष दिली, सहीस नकार.’ मे महिन्यात जन्मलेला तो मार्चचा कागद माझ्या पोटात आला. मला जोलीनचा भयंकर राग आला, कारण ती रोज ओपलशेजारी बसून डबा खायची.

तिसऱ्या खणात, रजेच्या कागदांत, ओपलचे न्यायालयातले हजेरीपत्र होते. वकीलबाई फाइल तपासायला यायच्या आदल्या दुपारी जोलीनने तो खण उघडला. म्हटले, आता ही ते फाडणार. तिने दाराकडे पाहिले आणि ते पत्र ओपलच्या फायलीत, त्या ताकिदीच्या मागे लावून ठेवले.

“अकरा मार्चला ही ताकीद तुम्ही समक्ष दिलीत?” दुसऱ्या दिवशी ओपलला शेजारी बसवून वकीलबाईंनी विचारले.

“समोर उभी होती माझ्या,” रस्टी म्हणाला.

वकीलबाईंनी पान उलटले. मागे हजेरीपत्र होते. अकरा मार्चला ओपल दिवसभर न्यायालयात होती.

“मला एकदम दोन ठिकाणी राहता आलं असतं, रस्टी,” ओपल म्हणाली, “तर दुप्पट खोकी चिकटवली असती की.”

सोमवारी ओपल आपल्या यंत्रावर परतली. जोलीनने ती तारीख चुकून टाकली की मुद्दाम, हा संशय मला अजून आहे. पण तिच्याबद्दल वाईट चिंतल्याची लाजही वाटते.

शुक्रवारी जोलीनला काढले. कारण विचारल्यावर रस्टी नुसता हसला. या खेपेस त्याने एक अक्षरही लिहिले नाही.

जेवणाच्या सुट्टीत ओपल वर कचेरीत आली. जोलीनच्या रिकाम्या टेबलाशी बसून तिने जोलीनच्या बाजूची साक्ष म्हणून ताकिदीपासून आजपर्यंतचे सगळे लिहून काढले, खाली तारीख घातली, सही केली. मी खण उघडायची वाट पाहत होते. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि कागद स्वतःच्या पिशवीत घातला.

अगदी बरोबर केले तिने. मित्रांनो, आपला कागद आपल्या घरी जपा आणि दुसऱ्यासाठीही एक लिहून ठेवा. माझी किल्ली रस्टीच्या खिशात असते.