विहिरीतून दिसणारे तारे

लाधूरामने पेटता कंदील दोराला बांधला आणि विहिरीत सोडला. सकाळचे अकरा वाजले होते. ऊन इतकं होतं की कंदील पेटलाय की नाही, हे हात जवळ नेऊनच कळत होतं.

"काका, हे कशासाठी?" पीयूषने विचारलं.

"हवा बघायला. खाली विझला तर माणसाने उतरायचं नाही."

"आणि नाही विझला तर?"

"मग उतरायचं. माणूस विझतो का ते बघायचं."

पीयूष हसला आणि वहीत लिहू लागला. तो जोधपूरचा होता. गावाबाहेर तंबूंचा कॅम्प होता, त्याचा मॅनेजर. पाहुण्यांना तारे दाखवण्यासाठी चांगली जागा शोध, असं मालकाने त्याला सांगितलं होतं. वाळवंटात अंधार शोधायचा हे काम त्याला पहिल्या दिवशी अगदी सोपं वाटलं होतं. आठ दिवसांत सहा जागा बाद झाल्या. दोन टेकड्यांवरून पवनचक्क्यांचे लाल दिवे दिसत, शेकड्यांनी, सगळे एकदम डोळे मिचकावत. तळ्याकाठी शेजारच्या कॅम्पचा डीजे होता. सीमेकडे काळोख उत्तम होता, पण तिथे आडव्या झालेल्या माणसाला उठवायला जवान येत. पाचवी जागा स्मशान निघाली. गावाची हरकत नव्हती, मालकाची होती. सहावी जागा पीयूषला स्वतःलाच पुन्हा सापडली नाही.

सातवी ही विहीर. ती धापूने, म्हणजे लाधूरामच्या बायकोने सुचवली होती.

काल पीयूष दूध घ्यायला आला तेव्हा लाधूराम शेळ्यांमागे गेला होता. धापूने चहा दिला, त्याची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि म्हणाली, "तारेच बघायचे तर रात्र कशाला हवी? आमच्या विहिरीच्या तळातून भरदुपारी दिसतात. माझ्या मुलाने पाहिलेत. पाच." पीयूषने लगेच फोनवर शोधलं. जुन्या पुस्तकांतही असं लिहिलंय, असं तिथे लिहिलेलं होतं. त्याने मालकाला कळवलं. मालकाने दहा मिनिटांत नावही ठरवून टाकलं: दुपारचं आकाश.

लाधूरामने चाळीस वर्षं विहिरी खणल्या होत्या, उपसल्या होत्या. प्रत्येक विहिरीच्या तळातून त्याने वर पाहिलं होतं. वर एक पांढरा ठिपका असतो, बाजरीच्या भाकरीएवढा, आणि त्यात अधूनमधून डोकावणारं कुणाचं तरी डोकं. तारे नसतात. एकदा घार दिसली होती.

बारा वर्षांपूर्वी याच विहिरीचा गाळ काढायला त्यांचा मुलगा भोमा उतरला होता. वय एकोणीस, आणि तोंड कधी बंद नाही. "बापू, इथे आजोबा भेटलेत, बिडी मागताहेत," असं तो तळातून ओरडायचा. "मेलो, मेलो," असंही ओरडायचा. धावतपळत वर काढावं, तर मांडी घालून हसत बाहेर यायचा आणि चहा झाला का विचारायचा. त्या दिवशी कंदिलात तेल नव्हतं. भोमा तसाच उतरला. थोड्या वेळाने खालून म्हणाला, "बापू, वर घे."

"आजोबांना विचार, मग घेतो," लाधूराम म्हणाला, आणि त्याने हातातली बिडी संपवली.

धापू तेव्हा माहेरी होती. आली तेव्हा तिने एकच गोष्ट विचारली. शेवटी काय म्हणाला? लाधूरामला जे सुचलं ते त्याने सांगितलं. म्हणाला, बापू, इथून तारे दिसतात, पाच आहेत. पाचच का, हे त्याला आजही सांगता आलं नसतं.

कंदील वर आला. जळत होता. लाधूरामला कंदिलाचा राग आला.

पीयूषने आधी फोन खाली सोडून बघितला. फोनने पांढऱ्या गोलाचे सव्वीस फोटो आणले.

"फोनला जमत नसेल," पीयूष म्हणाला. "माणसाच्या डोळ्यांची गोष्ट वेगळी." हे बोलताना तो काठापासून दोन पावलं मागे सरकला होता.

"मी जातो," लाधूराम म्हणाला. रात्रभर त्याने तेच ठरवलं होतं. उतरायचं, शंभर आकडे मोजायचे, वर येऊन पाच सांगायचं.

"कुणाच्या गुडघ्यांवर जाताय?"

धापू मागे उभी होती. काखेत पितळेचं पातेलं होतं. उतरणाऱ्याच्या डोक्यावर खडे पडू नयेत म्हणून ते घालतात. हे पातेलं भोमाचं होतं.

"काल शेळीला गाठता येत नव्हतं तुम्हाला," ती म्हणाली.

"विहिरीत चालायचं नसतं."

"मग मलाही जमेल."

"बायका उतरत नाहीत."

"का? बायकांनी बघू नये असं काही आहे का तिथे?"

लाधूरामने पीयूषकडे पाहिलं. निदान या शिकलेल्या माणसाने नको म्हणावं. पीयूष म्हणाला, "काकी उतरल्या तर लेडीज पाहुण्यांनाही भरवसा वाटेल."

धापूने पातेलं डोक्यावर पालथं घातलं, वरून ओढणी घट्ट बांधली आणि दोराच्या फळीवर बसली. दोराचं दुसरं टोक उंटाच्या मागे होतं. उंटाला सगळे पटवारी म्हणत, कारण तो एकदा सांगून हलत नसे. आज मात्र पहिल्याच हाकेला हलला. चाक करकरलं. उंट एकेक पाऊल विहिरीकडे येत गेला आणि धापू पंचवीस परस, म्हणजे एकावर एक पंचवीस माणसं उभी राहतील इतकी, खाली गेली.

लाधूराम काठावर बसून मुठी भरभरून वाळू आत फेकू लागला. वाळू जोराने गेली की ताजी हवा सोबत खाली जाते. दर मुठीमागे खालून पातेल्याचा आवाज येई, टण्. तो आवाज येईतो लाधूराम पुढची मूठ भरत नव्हता.

"दिसतात का काकी?" पीयूषने ओरडून विचारलं.

खालून टण् एवढंच आलं.

"डोळ्यांना सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, असं लिहिलंय," पीयूष म्हणाला. "घाई नाही काका. बिडी पेटवा आरामात."

सवयीने बिडी लाधूरामच्या हातात आलेलीच होती. काडेपेटीही आली होती. त्याने काडेपेटी खिशात परत ठेवली. आणखी एक मूठ फेकली. टण्.

खाली ती आता पांढऱ्या ठिपक्याकडे बघत असेल. त्या ठिपक्यात त्याचं डोकं असेल. त्याने डोकं मागे घेतलं. मग वाटलं, डोकं दिसलं नाही तर ती घाबरेल. पुन्हा पुढे केलं.

"वर घ्या," धापू म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पीयूषला तर तो ऐकूही आला नाही. त्याला एवढंच दिसलं की गुडघे गेलेला म्हातारा उंटाची वेसण धरून रणरणत्या वाळूत पळत सुटलाय, आणि ज्याला कधी कुणी पळताना पाहिलं नव्हतं तो पटवारी त्याच्या मागे पळतोय. चाकातून धूर निघायचा बाकी होता.

पातेलं वर आलं, मग धापू. चेहरा वाळूने पांढरा झाला होता. पीयूषने तिला हात देऊन काठावर घेतलं आणि काही विचारायच्या आत ती म्हणाली, "पाच."

लाधूराम धापा टाकत परत येत होता. तो थांबला.

"पाच," ती त्याच्याकडे बघून म्हणाली. "तुम्ही सांगितले होते तेवढेच."

पीयूषने लिहून घेतलं. "कुठल्या बाजूला दिसले?"

"वरच्या."

तेही त्याने लिहिलं. मग मालकाला फोन लावायला तो रेंज शोधत टेकडीकडे गेला.

लाधूराम दोर गुंडाळायला बसला. धापूने पातेलं काढलं, उलटं करून वाळू झटकली आणि आतली पोचा पडलेली बाजू पदराने पुसली.

"आज लगेच वर घेतलंत," ती म्हणाली.

तो दोर गुंडाळत राहिला. न पेटवलेली बिडी अजून त्याच्या दोन बोटांत होती, मोडून गेलेली. धापूने ती काढून घेतली, सरळ केली आणि वाकून विहिरीत सोडली.

"आजोबांना," ती म्हणाली, आणि पातेलं काखेत मारून घराकडे चालू लागली.