दयाळाची पेटी

करवत थांबली आणि सुकलेल्या नारळाचं खोड धाडकन आडवं झालं. केसर हातातलं सूप टाकून कुंपणाकडे धावली. खोडाच्या वरच्या अंगाला ढोली होती आणि ढोलीत दयाळ पक्ष्याची तीन पिल्लं. दोन भुशात निपचित पडली होती. तिसऱ्याने तिच्या ओंजळीत जीव सोडला.

"भावोजी, पिल्लं होती ना त्यात!"

"खोड कुजलं होतं, वैनी. पावण्याच्या डोक्यात पडलं असतं मग?" कुंपणापलीकडे राहणारा तिचा दीर शिवदास म्हणाला. "आनि तो दयाळ पाटंचा बोंबलतो. मुंबयची लोकं हितं झोपाय येतात."

एवढं बोलून त्याने गड्याला भुसा झाडायला सांगितलं.

केसरने तीस वर्षं रेवदंड्याच्या दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. निम्म्या गावाला पहिली आंघोळ तिने घातली होती. नवरा तुकाराम गेला, नोकरी संपली, मुलगा विनेश पनवेलला राहायला गेला. दिवसात तिच्याशी पहिलं बोलणारा उरला तो हा काळापांढरा पक्षी. तो शेपटी उडवत खोडावर बसे आणि उजाडायच्या आधी शीळ घाली. ती पायरीवर चहा पीत ऐके.

पिल्लं तिने जास्वंदीखाली पुरली आणि तशीच अंबाजी सुताराकडे गेली.

"आंब्याच्या फळीची पेटी कर. तीन बोटं जातील येवढं भोक ठेव."

"कशाला गो?"

"सूड घ्यायचाय."

अंबाजी हसला. ती हसली नाही.

शिवदासने पाहुण्यांसाठी बांधलेल्या नव्या खोलीची खिडकी तिच्या मागच्या भिंतीपासून दहा हातांवर होती. त्या खिडकीसमोरच तिने पेटी ठोकली. नर आपला इलाखा सोडत नाही, हे तिने इतकी वर्षं पाहिलं होतं. एक वीण गेली तर जोडी त्याच हंगामात दुसरी करते, हेही. तिने पेटीखालची जमीन ओली ठेवली, पालापाचोळा उकरला, किडे वर काढले. आठव्या दिवशी मादी चोचीत काडी धरून भोकात शिरली.

दुसऱ्या पहाटे नर पेटीवर बसला आणि त्याने गळा मोकळा सोडला. समोरच्या खिडकीत दिवा लागला. कुणीतरी खिडकी आपटली.

"आनखी," केसर अंधारात पुटपुटली. "आनखी जोरात."

तीन आठवड्यांत दोन कुटुंबं मुक्काम अर्धा टाकून गेली. गाडीत बॅगा चढताना ती पायरीवर बसून बघत राही. असा गोड चहा तिने कित्येक महिन्यांत प्याला नव्हता.

शेवटी शिवदास आला. डोळे तांबारलेले.

"वैनी, पेटी काढा. हात जोडतो."

"पिल्लं हायत."

"किती दिवस आनखी?"

"पंधरा."

"पंधरा दिवसांत माझा हंगाम जाईल वो!"

केसर उठली. "त्या दिवशी पंधराच दिवस थांबला असतास ना शिवदास, तर ती तीनही उडून गेली असती. तू थांबलास?"

इतक्या वर्षांत तिने दिराला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं.

"मीच काढतो मग."

"लाव हात. गावात ज्या ज्या पोराला मी न्हाऊ घातलंय, त्या सगळ्यांना बोलावते बघ."

त्याने हात लावला नाही.

सोळाव्या दिवशी पिल्लं बाहेर पडली. दोन जास्वंदीवर पोहोचली. तिसरं भेलकांडत कुंपणापलीकडे, शिवदासच्या अंगणात पडलं. तिथे मांजर दबा धरून होतं. केसर ओरडली; पण शिवदास आधी धावला. त्याने मांजराला चप्पल फेकून मारली, पिल्लू दोन्ही हातांत उचललं आणि अनवाणी तिच्या दारात आला.

"जिवंत हाय, वैनी."

केसरने पिल्लू घेतलं. पंख दाबून पाहिले, पाय पाहिले. सगळं धड होतं. शिवदास उंबऱ्याबाहेर तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

पिल्लू पदराखाली घेऊन तिने दार लावलं आणि शिवदासची परतीची पावलं वाजायची वाट बघत आत उभी राहिली.

बराच वेळ ती वाजली नाहीत.