गरम प्लग

"हा पाहा! काळा कुळकुळीत!" शफीक मिस्त्रीने इंजिनातून काढलेला प्लग जानरावच्या नाकासमोर धरला. "पेटरोलमंदी तेल किती टाकता?"

"माप असते तेवढं. आन वरून थोडं," जानराव ओशाळला. "गाडीले सुख म्हनून."

"बैलगाडीचा आख हाय का हा?" शफीक पोट धरून हसला.

वीज मंडळातला वायरमन जानराव या जुन्या फटफटीचा मालक झाला, तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. आज मायला मागे बसवून वाशीमहून गावी जायचं होतं. तेही चावडीपुढून, सगळ्यांच्या देखत, हळूहळू. त्या रस्त्याने त्याच्या बापाला कधी कुणी जाऊ दिलं नव्हतं. आणि नेमकी तिथेच बंद पडून ढकलावी लागली तर?

शफीकने दोन नवे प्लग फडक्यावर ठेवले. "हा थंड. सडकीवर पळवाले झकास, पन हळू चालवसान तं पुन्हा काळा पडते. आन हा गरम. हळू चालीत साफ राह्यते, पन लय पळवली तं इंजन तापते. बोला जानरावभाऊ, पळवाची का मिरवाची?"

"मिरवाची!" जानराव एवढ्या जोरात ओरडला, की बाकावर चहा पीत बसलेली त्याची माय, भागिरथाबाई, दचकली.

गरम प्लग बसला, टाकीत नीट मापात तेल घातलेलं पेट्रोल पडलं. पहिल्याच किकला फटफटी अशी खणखणीत बोलली, की जानरावला तिथेच नाचावंसं वाटलं.

सडकेवर मात्र त्याने मन मारून वेग आवरला. एस.टी. पुढे गेली, ट्रक पुढे गेला.

"काहून रे बाप्पा, पायी चाललो का आपन?" माय मागून ओरडली.

"जरा दम धर ना, माय!"

चावडी आली. ओट्यावरची माणसं उठून बघू लागली. इंजिनाचा ठोका ऐकत जानरावचा सगळा जीव कानात आला होता. तेवढ्यात मायचा हात खांद्यावर पडला.

"थांब."

"इथं नाई, माय! बंद पडंल!"

"थांब म्हनलं ना."

तो थांबला. फटफटी जागच्या जागी धडधडत राहिली. भागिरथाबाईने उतरून पदर सारखा केला.

"कोनाची हाय वं फटफटी, भागिरथे?" ओट्यावरून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"माह्या पोराची." तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. मग ती जानरावकडे वळली. "तू ये मांगून. मले या रस्त्यानं चालाचं हाय."

जानरावने पहिला गिअर टाकला. रस्त्याच्या अगदी मधून, चपला वाजवत, भागिरथाबाई सावकाश निघाली. आणि तिच्या पावलाच्या चालीने मागून फटफटी.